जवायाच्या खोलीचा पडदा

मी नोकरीत नेमकं काय करते, हे आमच्या नात्यात कोणालाच नीट माहीत नाही, आणि त्याला कारण माझी आई आहे. कोणी विचारलं की ती सांगते, "लॅबमध्ये आहे," आणि लगेच चहाचं बघायला उठते. खरं तर सांगायला काहीच अवघड नाही. नागपूरहून उमरेडकडे जाणाऱ्या रस्त्यावर, शहर संपता संपता, आमचं केंद्र आहे. तिथे निवडक वळू पाळतात, त्यांचं रेत गोळा करतात, तपासतात, गोठवतात आणि बारीक नळ्यांत भरून गावोगाव पाठवतात. गावातला डॉक्टर त्याच नळीनं गाय भरवतो, म्हणजे गाभण करतो. यातलं तपासायचं काम माझं. सकाळी आठला सूक्ष्मदर्शकाखाली थेंब ठेवायचा आणि त्यातले शुक्राणू सरळ पळतात, की जागच्या जागी गरगरतात, की नुसतेच पडून आहेत, ते बघायचं. "एवढं शिकून बैलाचं ते पाहते," असं माझी एक मावशी लग्नाच्या पंगतीत म्हणाली होती. मी म्हटलं, "हो ना मावशी, आणि पगार माणसासारखा घेते." तेव्हापासून ती माझ्या पंगतीला बसत नाही.

माझं तोंड असं आहे. पुढे जे घडलं त्यात या तोंडाचा वाटा आहे, म्हणून आधीच सांगून ठेवते.

आमच्याकडे एक गवळाऊ वळू होता. पांढराशुभ्र, रुंद कपाळाचा, चालताना वशिंड एका अंगाला डुलवणारा. गवळाऊ हे आमच्या विदर्भाचंच जनावर, आणि त्यातला चांगला वळू मिळणं आता कठीण झालंय, म्हणून त्याची बडदास्त मोठी. कागदावर त्याला नंबर होता. पण त्याला सांभाळणारे परिचर काका त्याला 'जवाई' म्हणायचे. काम काही नाही, खाणं उत्तम, रोज आंघोळ आणि जिथे जाईल तिथे मान, मग जावई नाही तर काय? काकांना दोन मुली, दोघींची लग्नं झालेली. खऱ्या जावयांचे इतके लाड या माणसानं कधी केले नाहीत, असं काकू उघड बोलून दाखवायच्या. दोघं केंद्राच्या आवारातल्या क्वार्टरमध्येच राहायचे.

काका मूळचे उमरेडचे, विणकरांच्या घरातले. वडिलांच्या हातमागावर लुगडी निघायची. माग बंद पडला, काका तरुणपणीच इकडे चाकरीला लागले आणि सुताच्या ऐवजी कडब्यात रमले. पण हात विणकराचेच राहिले. दोराला गाठ मारतील तर ती सुद्धा बघत राहावी अशी.

त्या वर्षीचा उन्हाळा नागपूरच्या मानानेही जास्तच होता. वळूला उष्णता बाधते. अंग तापलं की रेत बिघडतं, हे शास्त्रात आहे आणि आमच्या प्रत्येक परिचराला तोंडपाठ आहे. त्यामुळे एप्रिल लागला की कूलर, ओली पोती, हिरवी जाळी असा सगळा थाट होतो. जवायाची खोली आधीच ओळीतली शेवटची, नव्या इमारतीच्या सावलीतली, सगळ्यांत थंड. तेवढ्यानं काकांचं समाधान झालं नाही. त्यांनी घरची पेटी उघडली. वडिलांनी मागावर विणलेली शेवटची दोन लुगडी त्यात होती, न विकली गेलेली. एक हिरवं, एक जांभळं, दोन्हींचे काठ लाल. मुली ती नेसणार नाहीत, काकूही नेसत नव्हत्या, कसर लागून राहिली होती. काकांनी ती दोन्ही शेजारी शेजारी जोडली, मागून, काठ तेवढे मोकळे ठेवून, पोत्याचं अस्तर लावलं आणि उन्हाच्या बाजूला, वरपासून खालपर्यंत, पडदा टांगला.

खोलीत इतका गारवा आणि अंधार झाला की आत पाय ठेवताच डोळे मिटावेसे वाटायचे. मी सगळ्या परिचरांना बोलावून तो पडदा दाखवला. "काळजी घ्यायची तर अशी," असं म्हटलं. काका लाजून दोराची गाठ तपासत राहिले.

उन्हाळा संपला, पडदा राहिला. पावसाळ्यात काका म्हणाले डास येतात. दिवाळीनंतर म्हणाले गारठा पडून राहिला. जवायालाही पडदा आवडायचा. चारा खाऊन झाला की तो कपाळ त्या लाल काठावर घासत उभा राहायचा, आणि काका त्याच्याकडे लग्नाचा अल्बम बघितल्यासारखे बघायचे. बाकीचे वळू दिवसभर बाहेरच्या मोकळ्या आवारात फिरायचे. जवायाला मात्र काका बाहेर काढायचे ते रेत घ्यायच्या दिवशी, तेवढ्यापुरते.

दिवाळीच्या सुमारास त्याच्या नमुन्यांचा दर्जा उतरायला लागला. आधी मला वाटलं, उन्हाळ्याचा परिणाम असेल. उन्हाचा तडाखा बसला की तो दोनेक महिन्यांनी रेतात दिसतो, कारण शुक्राणू तयार व्हायलाच तेवढे दिवस लागतात. पण उन्हाळा जाऊन किती दिवस झाले होते. आजार नाही, सूज नाही, खाणं उत्तम. तरी थेंब ठेवला की निम्म्याहून जास्त मंडळी पडलेली किंवा गरगरणारी. आजूबाजूचे साधे वळू, ज्यांना ना पडदा ना लाड, त्यांचे नमुने मात्र झकास.

काका रोज प्रयोगशाळेच्या दारातून विचारायचे, "म्याडम, आज कसे पळून राहिले?"

"बरे आहेत," मी म्हणायची. मला खोटं बोलायची सवय नाही, त्यामुळे मी ते काचेकडे बघून बोलायची.

डिसेंबरात साहेबांनी मला बोलावलं. आमचे साहेब सज्जन माणूस, पण नियमाच्या रेघेबाहेर पाय टाकायचा नाही हा त्यांचा धर्म. ते म्हणाले, मार्चअखेर वळू तपासणारी समिती बसेल. तोवर नमुने सुधारले नाहीत तर वळू निकाली काढावा लागेल, आणि अहवालावर सही तुमची असेल. निकाली म्हणजे काय, हे आमच्याकडे कोणी मोठ्यानं बोलत नाही. खच्ची करायचं आणि लिलावात द्यायचं. मी बाहेर आले तर काका व्हरांड्यात उभे. सगळं ऐकलं होतं त्यांनी. त्या दिवशी त्यांनी जवायाला दोनदा आंघोळ घातली.

त्याच दिवसांत माझे पाय दुखायला लागले. जिना चढताना गुडघ्याच्या वर, हाडातच कोणीतरी बसल्यासारखं. डॉक्टरांनी रक्त तपासायला सांगितलं. ड जीवनसत्त्व पार तळाला. "उन्हात जात नाही का?" त्यांनी विचारलं. मी नागपूरची, आणि मला हा प्रश्न. मी घरी येऊन कागद आईसमोर आपटला. आईला हसू आवरेना. डोळ्याला पदर लावून हसली.

"मायबाप! नागपुरात राहून पोट्टीले ऊन कमी पडलं. कोणाले सांगू मी हे?"

"कोणालेच नको सांगू."

"अवं पण काहून पडणार नाही? तुह्या अंगाले ऊन कधी दिसलं तरी का?"

तिचं खरं होतं. गाडीवर निघताना मी डोक्यापासून मानेपर्यंत स्टोल गुंडाळते, वर गॉगल, कोपरापर्यंत हातमोजे, पायात मोजे. सिग्नलला आम्ही आठ-दहा जणी अशा उभ्या असतो की सख्खी बहीण शेजारी असली तरी ओळखू येऊ नये. उन्हाळ्यात हे लागतंच. पण आम्ही ते जानेवारीतही सोडत नाही. आमच्याकडे ऊन म्हणजे दुष्मन, एवढं एकदा मनात बसलं की बसलं. बारा महिने त्याच्याशी लढाई.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तशीच, स्टोल न सोडता, शेडकडे गेले. बाहेर कोवळं ऊन सांडलेलं. बाकीचे वळू अंगं शेकत उभे होते, डोळे अर्धे मिटलेले. आणि ओळीच्या शेवटी, दोन लुगड्यांच्या आड, अंधारात, जवाई. मी त्याच्यासमोर उभी राहिले. त्याच्यापुढे पडदा, माझ्या तोंडावर पडदा. मला इतकं हसू आलं की स्टोलमध्ये श्वास अडकला.

हसू ओसरल्यावर मी वाचायला बसले. जनावराच्या कातडीवर ऊन पडलं की ड जीवनसत्त्व तयार होतं, हे तर शाळेतलं. त्याचं काम फक्त हाडांशी, असं मी धरून चालले होते. पण शुक्राणूवरही या जीवनसत्त्वाला धरून घेणाऱ्या जागा असतात. ते तिथे पोचलं की कॅल्शियम आत शिरायला मदत होते, आणि कॅल्शियमच्या जोरावर शेपटी हलते. शेपटी हलली तर तो पुढे जाणार, नाही तर जागच्या जागी. मी जवायाचं रक्त काढून पशुवैद्यक महाविद्यालयातल्या मैत्रिणीकडे पाठवलं. तिचा फोन आला. "अगं, हा वळू तळघरात ठेवता का तुम्ही?"

तिनं थोडं शुद्ध जीवनसत्त्वही पाठवलं. मी जवायाच्या एकाच नमुन्याचे तीन वाटे केले. एकात काही नाही, दुसऱ्यात अगदी कणभर, तिसऱ्यात भरपूर. काकांना आत बोलावून सूक्ष्मदर्शकाला जोडलेल्या स्क्रीनवर दाखवलं. पहिला वाटा नेहमीसारखा मरगळलेला. दुसऱ्यात चांगलीच हालचाल दिसली. काकूंचं माहेर कुहीकडचं, धानाच्या शेतीचं. काका पुढे वाकले आणि म्हणाले, "धानाच्या बांधीत पाणी सोडल्यावर मासोळ्या पळते ना म्याडम, तसे पळून राहिले हे." तिसरा वाटा लावला तर त्यात पहिल्यापेक्षाही सुस्ती.

"हे काहून असं? यात तं जास्त टाकलं ना?"

"जास्त झालं की बाधतं, काका."

"मंग थोडंसं इंजेक्शन मारून द्या त्याले."

"काचेवर दिसलं म्हणून वळूला टोचायचं नसतं. आणि इंजेक्शन काहून पाहिजे? बाहेर फुकटचं ऊन पडून आहे. तुम्हीच तर त्याला वर्षभर अंधारात कोंडलंय."

तोंडातून निघून गेलं. काकांनी माझ्याकडे एकदा बघितलं, मग स्क्रीनकडे. त्यातले जीव अजून हळूहळू हलत होते. "मी कोंडलं," ते म्हणाले, आणि निघून गेले. मला तेव्हाच त्यांच्यामागे जायला हवं होतं. मी गेले नाही. सगळ्यांसमोर पडद्याचं कौतुक मीच केलं होतं, हे मला तेव्हाही आठवलं, आणि तेच मला जास्त टोचत होतं.

दोन दिवस पडदा तसाच. काका माझ्याशी कामापुरतं बोलायचे, तेही 'हाव' आणि 'नाही' एवढंच. तिसऱ्या दिवशी मी शेडकडे माफी मागायला निघाले, तर तिथे काकू. काकू जवायापासून चार हात लांब राहायच्या. त्याच्या शिंगांची भीती, आणि नवऱ्यानं त्याचे एवढे लाड करावेत याचा रागही. पण त्या दिवशी त्या स्टुलावर चढून पडद्याचे दोर सोडत होत्या. काका खाली उभे.

"अवं, पडशील तू."

"पडू द्या. तुमच्या जवायाले सांगा धरायले." दोर सोडता सोडता त्या बोलत होत्या. "मिरची वाळवाले ऊन पाहिजे, मुगवड्याइले ऊन पाहिजे, लेकरू झालं तं त्याले बी सकाळी उन्हात घेऊन बसा लागते. अन् या एकट्याले पडदा. म्याडम चूक नाही बोलल्या. तुमाले राग आला तो खऱ्याचा आला."

"मले राग नाही आला," काका म्हणाले. "मले वाटलं, मी याच्यासाठी करून राहिलो."

"मग काका, माझंही तसंच झालं," मी म्हटलं. "मीच सगळ्यांना बोलावून पडदा दाखवला होता. विसरलात का?"

काका हसले. पडदा खाली आला. पोत्याचं अस्तर निघालं, लुगडी काकूंनी घडी करून काखेत घेतली, आणि जवाई डोळे मिचकावत अंगणात आला. आधी बिचकला. मग दोन पावलं पुढे जाऊन तसाच उभा राहिला. त्याच्या पाठीवर ऊन पडलं तेव्हा कातडी थरारली, माशी बसल्यासारखी.

त्यानंतरचे दोन महिने माझ्या नोकरीतले सगळ्यांत सुखाचे. साहेबांकडून परवानगी घेतली. रोज सकाळी दोन-अडीच तास जवाई आवारात फिरायचा, आणि मी नमुने तपासून झाले की स्टोल, मोजे, गॉगल काढून कठड्याजवळ येऊन बसायची. डॉक्टरांनी मलाही ऊन सांगितलंच होतं. काका वळूचा दोर सोडून माझ्यापासून जरा अंतरावर उकिडवे बसायचे. काकू कधी शेंगा आणायच्या, कधी बोरं. आम्ही तिघं ऊन खात बसायचो. मी बत्तीस वर्षं या गावात काढली आणि हिवाळ्यातलं ऊन इतकं चांगलं असतं हे मला माहीत नव्हतं. पाय दुखायचे थांबले कधी, कळलंही नाही. आई मात्र वैतागली. "काळी पडून राहिली तू," ती म्हणायची. मी म्हणायची, "पडू दे."

फेब्रुवारीत नमुने काही फार सुधारले नाहीत. साहेबांनी मान हलवली. मी त्यांना सांगितलं, आज दिसतात ते शुक्राणू पडद्याआडच्या दिवसांत बनायला लागलेले आहेत, उन्हातले अजून यायचेत. साहेब म्हणाले, "कॅलेंडर माझ्याही भिंतीवर आहे." मी त्यांच्याशी भांडले. भांडून झाल्यावर त्यांनी चहा मागवला. काकांनी मात्र एकदाही विचारलं नाही की कसे पळून राहिले. विचारायचेच बंद झाले होते. फक्त सकाळी फाटक उघडताना माझ्याकडे बघायचे.

मार्चच्या मध्यावर समितीसाठीचे नमुने घ्यायला सुरुवात झाली. काका काचेची नळी हातात धरून स्वतः घेऊन आले. मी थेंब ठेवला. ते स्क्रीनकडे पाठ करून भिंतीकडे तोंड करून उभे राहिले, शाळेत शिक्षा केल्यासारखे.

मी बघितलं. थेंबभर लाट उसळत होती. आमच्या कामात चांगल्या नमुन्याची ही खूण, की एकेक वेगळा दिसत नाही, सगळा थेंबच हलतो. मी पुन्हा बघितलं, दुसरा थेंब लावला, मोजलं.

"म्याडम, सांगून टाका. मी मनाची तयारी करून आलो."

"काका, वळा आणि बघा."

ते वळले. स्क्रीनजवळ वाकून बघितलं. मग टोपी काढली, आणि ती कुठे ठेवावी ते न कळून पुन्हा घातली. मी रडले. माझ्यासारखी बाई नोकरीच्या ठिकाणी रडते हे कोणाला सांगू नका, असं मी त्यांना म्हटलं, आणि ते म्हणाले, "मी कोणाले सांगू, मीच तं रडून राहिलो."

साहेबांनी पुढचे दोन नमुने स्वतः बघितले आणि माझ्या अहवालावर लिहिलं, 'ठेवावा'. समितीनंही ते मानलं. मला म्हणाले, एका वळूवरून शास्त्र होत नाही. बरोबरच आहे. ऊन होतं, पण ऊन म्हणजे फिरणंही आलं, मोकळी हवा आली, आणि हवामानही बदललं होतं. जवायाच्या रक्तातलं जीवनसत्त्व वर आलं होतं, एवढं मैत्रिणीनं कळवलं. रेत सुधारलं ते त्यामुळेच, असं मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. आता नीट अभ्यास करायचा म्हणून मी प्रस्ताव लिहिलाय, आठ वळूंचा, आणि साहेबांनी त्यावर सही केलीय. पण त्या दिवशी मला शास्त्राची घाई नव्हती.

पाडव्याला मला काकूंनी जेवायला बोलावलं. मी आवारात शिरले तर त्या दारात उभ्या. अंगावर नऊवारी हिरवं लुगडं, काठ लाल. पडद्यातलं. धुऊन, कांजी करून नेसलेलं. एका अंगाला रंग गर्द आणि दुसऱ्या अंगाला, इतके महिने उन्हाकडे होतं त्या बाजूनं, पार फिकट पोपटी.

"सासऱ्यानं विणलं तेव्हा नेसली नाही," काकू म्हणाल्या. "मले वाटे, जाडंभरडं आहे. आता पाहा, ऊन खाऊन कसं मऊ झालं."

बायकोच्या अंगावर बापाच्या हातचं लुगडं काका पहिल्यांदा बघत होते, आणि त्यांना नीट बघताही येत नव्हतं.

जेवणाआधी आम्ही जवायाला पुरणपोळी द्यायला गेलो. तो अंगणात उभा होता. काकू नेहमीसारख्या लांब थांबल्या. त्यानं मान वर केली, नाक फुगवून वास घेतला, माझ्या हातातली पोळी सोडून सरळ त्यांच्याकडे गेला. काकू पळाल्या नाहीत. त्यानं कठड्यावरून मान पुढे काढली आणि रुंद कपाळ त्या लाल काठावर टेकवून हळूहळू घासायला लागला, जसा पडद्याआडच्या अंधारात घासायचा.

काकूंचा हात आपोआप त्याच्या कपाळावर गेला.

"पाहा म्याडम," काका म्हणाले, "जवाई सासूच्या पाया पडून राहिला."